हिंगोलीच्या तालमी आणि वस्तादांची चिकित्सा

हिंगोली ज्या मराठवाड्यात मोडते, तेथील कसब्यांत तालमीचा वस्ताद हा मल्लविद्येचा गुरू आणि निखळलेला सांधा बसवणारा हाडवैद्य, अशा दुहेरी जबाबदारीचा धनी असे. जोर-बैठकांचा आकडा तो सरसकट फर्मावीत नसे. कोवळ्या पोराची, उतारवयाच्या गृहस्थाची आणि लचक भरलेल्या मल्लाची इयत्ता निराळी. व्यायाम आणि अस्थिचिकित्सा यांच्या याच संयोगाला बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांनी मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. आजच्या भौतिकोपचारतज्ज्ञाचा तालमीचा वस्ताद हाच खरा पूर्वज, असे माझे मत; मात्र स्त्रिया आणि अपंग यांना तालमीत क्वचितच प्रवेश होता, आणि ही उणीव वस्तादांच्या गौरवाखाली झाकण्याजोगी नाही.