२७ जुलै : सरासरी म्हणजे किमान नव्हे
संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक राहिलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली आजच्या दिवशी सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ग्रामीण दारिद्र्य मोजताना माणशी रोज २२५० उष्मांकांची कसोटी लावली. अशा कसोट्यांवर सुखात्मे यांची हरकत मुळालाच हात घालणारी होती: सरासरी गरज म्हणजे किमान गरज नव्हे. धडधाकट माणसांतही कित्येकांची गरज सरासरीहून कमी असते, शिवाय एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते. सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी धरला, तर पोटभर जेवणारेही त्यात मोजले जातात.

कसोटी अशी खाली आणली तर कुपोषण फक्त कागदावर घटेल, हा विरोधकांचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. गरिबाचे ताट शरीराच्या गरजेने नव्हे, खिशाने ठरते, आणि कमी खाण्याशी शरीर जुळवून घेते हा सुखात्मे यांचा सिद्धान्त वादग्रस्तच राहिला. तरीही सरासरीला सीमारेषा मानण्यातली चूक त्यामुळे दुरुस्त होत नाही. शिवाय दूषित पाण्याने वारंवार हगवण होत असेल, तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, हे त्यांचे म्हणणे उष्मांकांच्या कोणत्याही हिशेबात उतरत नव्हते.