कपाशीच्या मुलखातील ग्रंथवाटा

एखाद्या वाचकाच्या कपाटात श्रीधरस्वामींच्या ‘पांडवप्रतापा’शेजारी जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, त्याला टेकून केतकरांच्या ज्ञानकोशाचे काही सुटे खंड, त्यांच्या फटीत ‘गीताई’ची खिशात मावणारी प्रत आणि खालच्या फळीवर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा भारदस्त ग्रंथ असा संसार मांडलेला दिसला, म्हणजे शहरातून आलेला रसिक पाहुणा त्या वाचकाच्या अभिरुचीची चिकित्सा करू लागतो. कोणी तिला उदार म्हणतो, कोणी विस्कळीत. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपुरासारख्या कपाशीच्या गावात बसून वाचणाऱ्या माणसाला मात्र या दोन्ही अभिप्रायांत फारसे तथ्य वाटत नाही. त्याच्या कपाटातील सरमिसळीत त्याच्या स्वतःच्या निवडीचा भाग थोडा, आणि वर्धा, यशोदा व वणा या नद्यांच्या मुलखात निरनिराळ्या काळी ज्या वाटा येऊन मिळाल्या त्यांचा भाग पुष्कळ असतो. ग्रंथ कोणत्या वाटेने दारी आला, कोणी आणला आणि आणताना तो कसा वाचावा याची कोणती ताकीद बरोबर दिली, हे पाहिल्यावाचून वाचकाच्या आवडीनिवडीचा उलगडा होत नाही, असे माझे मत आहे. आणि म्हणून माझ्या वाचनाविषयी लिहिताना मला या वाटांचाच इतिहास सांगणे भाग आहे.

पहिली वाट दफ्तराची. तिसऱ्या रघूजी भोसल्यांचा 1853 च्या डिसेंबरात निपुत्रिक अंत झाला, पुढल्याच वर्षी नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले, 1861 मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याच दशकात तीस वर्षांचा बंदोबस्त होऊन मौजेवार खसरे, जमाबंदीचे कागद, नकाशे आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ तयार झाले. गावची गुरे कोठे चरावीत, जळणाची लाकडे कोणी कोठून आणावीत, बलुतेदारांना काय द्यावे, मालगुजाराचा हक्क कोठे संपतो आणि रयतेचा निस्तार कोठे सुरू होतो, अशा रीतिरिवाजांची नोंद या शेवटच्या कागदात असे. मालगुजारी 1951 मध्ये संपुष्टात आली आणि हे कागद रेकॉर्डच्या खोलीत गेले. तथापि ज्याने ते एकदा सावकाशपणे वाचले आहेत, त्याला त्यांतील कलमांमागे उभी असलेली माणसे दिसू लागतात. अमुक झाडाची फळे कोणी उतरवावीत याविषयी ज्या अर्थी कलम आहे, त्या अर्थी त्या झाडाखाली कधी तरी तंटा झाला असला पाहिजे, हे ओळखायला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही.

या दफ्तरानंतर लगोलग ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचावा, अशी माझी शिफारस आहे. फुल्यांनी तो 1883 मध्ये सिद्ध केला, आणि समग्र छापून निघण्याआधी ठिकठिकाणी वाचून दाखविला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांपुढेही त्याचे वाचन झाले. त्यातील शेतकरी रयतवारी मुलखातला, कुळकर्ण्याच्या लेखणीखाली दबलेला. आमच्याकडे मधे मालगुजार आणि हाताशी पटवारी. पद्धत वेगळी, पण कचेरीच्या पायरीवर ताटकळणाऱ्या माणसाचे मनोगत एकच. जो विषय दफ्तर निर्विकारपणे रकान्यांत मांडते, तोच विषय हा ग्रंथ संतापाने उलगडतो, आणि गंमत अशी की दोघांनाही तपशिलाची सारखीच हाव आहे. शेतकऱ्याच्या घरातील भांडीकुंडी, कपडालत्ता, पोराबाळांची अवस्था फुले ज्या बारकाव्याने मांडतात, तो बारकावा मला जप्तीच्या यादीचा वाटतो. फरक इतकाच की ही यादी सावकाराने केलेली नसून शेतकऱ्याच्या वतीने केलेली आहे. ग्रंथातील काही ऐतिहासिक उपपत्ती मला पटत नाहीत, आणि त्याचा आवेश कित्येक ठिकाणी युक्तिवादाच्या पुढे धावतो. परंतु वस्तुस्थितीची जी कैफियत त्यात आहे, तिला दफ्तरातूनच दुजोरा मिळतो.

दुसरी वाट पोथीची, आणि ती काळाने दफ्तराच्याही आधीची. श्रीधरस्वामींनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रचले. त्यांच्या हस्तलिखित प्रती पंढरीच्या वाटेने आणि कीर्तनकारांच्या झोळीतून वऱ्हाड-नागपुरापर्यंत पोहोचल्या. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला, तेव्हा शाईत प्राण्यांची चरबी असेल या शंकेने सोवळी मंडळी छापील पोथीला शिवेनात, म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. शिळाप्रेसच्या आडव्या, सुट्या पानांच्या पोथ्या जत्रांमधून विकल्या जाऊ लागल्या आणि गावोगावच्या देव्हाऱ्यात जाऊन बसल्या.

चातुर्मासात पोथी लावण्याची रीत ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी ती थोडी विस्ताराने सांगतो. निंदणीची कामे आटोपून, जेवणे उरकून मंडळी ओसरीवर जमली, की वाचणारा हातपाय धुऊन पाटावर बसे. चौरंगावरचा तांबडा रुमाल सोडून, वरची लाकडी फळी बाजूला ठेवून, कालच्या पानात घातलेली खुणेची काडी काढी आणि ओवी म्हणू लागे. वाचलेले पान तो उलटून डाव्या बाजूस ठेवी, त्यामुळे अध्याय किती उरला हे अक्षरशत्रू श्रोत्यालाही पानांच्या जाडीवरून कळत असे. शेजारी बसलेला दुसरा कोणी अर्थ सांगे, आणि पोथीचे खरे परीक्षण या अर्थात होई. द्यूताच्या प्रसंगी धर्मराजाने पत्नी पणाला लावली, हे आल्याबरोबर बायकांच्या बाजूने जो शेरा येई, तो छापण्याजोगा नसला तरी ऐकण्याजोगा खास असे. अर्थ सांगणारा धर्मराजाचे समर्थन करू लागला, तर त्याला मधेच अडवून ‘पुढं वाचा’ असे फर्माविण्याचा अधिकारही श्रोत्यांना होता.

श्रीधरांविषयीची माझी प्रतिक्रिया या ओसरीपासून वेगळी काढता येत नाही. एकान्तात, डोळ्यांनी वाचताना त्यांची वर्णने लांबलेली वाटतात, युद्धांत पुनरुक्ती खटकते आणि फलश्रुतीतील आश्वासने भोळी वाटतात. तीच पाने मोठ्याने वाचली, की पुनरुक्तीचे प्रयोजन कळते, कारण दिवसभर वावरात राबून आलेल्या माणसाची डुलकी मोडायला दोन ओव्यांचे अंतर हवेच असते. नाझऱ्याच्या या कवीने श्रोत्याचा थकवा हिशेबात धरून रचना केली, आणि मला वाटते, मराठीतील फार थोड्या लेखकांनी वाचकाची इतकी काळजी घेतली आहे.

याच मुलखातली दुसरी एक पोथी मात्र कित्येक शतके ओसरीवर आलीच नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. तेथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी पंथप्रवर्तक श्रीचक्रधरांच्या आठवणी, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या अशांना विचारविचारून, ‘लीळाचरित्र’ या नावाने संकलित केल्या. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केल्यावर, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि त्यांच्यामागून वि. भि. कोलते अशा विदर्भातल्याच अभ्यासकांच्या परिश्रमाने हा ठेवा सर्वांसमोर आला. या ग्रंथातील वाक्ये इतकी आखूड आणि नेमकी आहेत, की माझ्यासारख्या लांबलचक वाक्यांच्या शौकिनाला तो वाचताना संकोच वाटावा. परंतु मला त्याहून मोल वाटते ते त्यातील प्रामाणिकपणाचे. एकच प्रसंग दोन परंपरांनी निराळा सांगितला, तर दोन्ही पाठ नोंदवून ठेवावेत, अशी त्याची रीत आहे. तो ग्रंथ भक्तीचा खरा, पण मी तो जबान्यांच्या कागदांसारखा वाचतो, आणि तसा वाचल्याने त्याची थोरवी रतिमात्रही उणावत नाही.

तिसरी वाट आगगाडीची. 1866 मध्ये पालकवाडीजवळ वर्धा शहर वसविण्यात आले, 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला, आणि पुढील दशकात वर्ध्याहून हिंगणघाटाकडे फाटा निघाला. उद्देश वरोऱ्याचा कोळसा आणि हिंगणघाटचा नामांकित कापूस नेण्याचा. जाताना गाठी नेणाऱ्या गाड्यांनी येताना पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे, मासिके आणि कादंबऱ्या आणल्या. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येत गेली. पोथीच्या श्रोत्यांना प्रत्येक अध्यायाच्या अखेरीस समाधान मिळण्याची सवय. या कादंबरीची नायिका यमू हिच्या कहाणीत ते मिळत नाही. शंकरमामंजींच्या घरात तिची जी दशा होते, तिला फलश्रुती नाही, उद्यापन नाही. तरीही या कादंबरीचा प्रभाव पडतो तो ती सांगितल्यासारखी लिहिली आहे म्हणून, असे मला प्रत्येक वाचनात जाणवते. आपट्यांनी इंग्रजी कादंबरीचा अभ्यास केला खरा, पण यमूचा स्वर त्यांनी माजघरातून उचलला.

आगगाडीच्याच काळातले पण उलट दिशेने गेलेले एक कार्य म्हणजे ज्ञानकोश. अमरावतीत वाढलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1916 मध्ये नागपुरात भागभांडवलाची रीतसर मंडळी स्थापन करून हा उद्योग आरंभिला, गावोगाव हिंडून वर्गणीदार जमविले, मग कचेरी पुण्यास नेली आणि तेवीस खंडांचे काम तडीस नेले. ज्ञानकोश संदर्भापुरता उघडावा, अशी अपेक्षा असते. मी तो कादंबरीसारखा वाचतो. कापसाविषयी काही पाहावे म्हणून ‘क’ची पाने चाळू लागावे आणि तासाभराने कोठल्या तरी राजवंशाच्या भाऊबंदकीत अडकून पडावे, हा अनुभव मला नित्याचा आहे. केतकरांची मते जागोजागी डोकावतात, आणि कोशकाराने अलिप्त राहावे या नियमाचा त्यामुळे भंग होतो. पण त्या भंगामुळेच इतक्या वर्षांनंतर हे खंड वाचनीय राहिले आहेत.

चौथी वाट चळवळींची, आणि ती तर आमच्या जिल्ह्यातूनच निघाली. विनोबा 1921 मध्ये वर्ध्याच्या आश्रमात आले. संस्कृत न कळणाऱ्या आपल्या आईची मराठी गीतेची इच्छा त्यांनी ऑक्टोबर 1930 ते फेब्रुवारी 1931 या काळात ‘गीताई’ रचून पुरी केली, आणि 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली. ‘गीताई’च्या निरलंकृत शब्दकळेपुढे मी नतमस्तक आहे. मात्र फळावरचा हक्क सोडण्याचा उपदेश कापूस पिकविणाऱ्याच्या कानी वेगळाच पडतो, हे कबूल केले पाहिजे. ज्याच्या मालाचा भाव परक्या बाजारात ठरतो, त्याच्याजवळ सोडण्यापुरता हक्क असतोच कोठे, असा प्रश्न मला त्या श्लोकांपाशी दर वेळी पडतो, आणि प्रवचनांतील प्रसन्न दाखल्यांनी तो पुरता सुटत नाही. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ 1955 मध्ये निघाली. तिच्या 41 अध्यायांत श्रीधरांची ओवी गावच्या सफाईला, शाळेला, पंचायतीला जुंपलेली आहे. काव्य म्हणून तीत सपाट पाने पुष्कळ आहेत, पण गावाने आपणच आपल्यासाठी लिहावा असा वाजिब-उल-अर्ज म्हणून मी ती वाचतो, तेव्हा तो सपाटपणाच मला तिचा गुण वाटू लागतो.

आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर या वाटेने बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घरोघर आला. मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारातून त्याचे सामुदायिक वाचन चालते. त्यातला जो भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, तो सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र विरक्त झाला, ही पारंपरिक कथा बाबासाहेब नाकारतात, कारण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे काहीच पाहिले नसेल, हे त्यांच्या बुद्धीला पटत नाही. त्याऐवजी ते शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणतात. ज्याने धुऱ्यावरून सख्ख्या भावांना कचेरी चढताना पाहिले आहे, त्याला या मांडणीसाठी वेगळे प्रमाण लागत नाही. संघाच्या बहुमताविरुद्ध एकटा उभा राहणारा तो तरुण मला त्या तीन दृश्यांनी हेलावलेल्या राजपुत्राहून अधिक खरा वाटतो.

या साऱ्या वाटांनी ग्रंथांबरोबर वाचनाची शिस्तही आणली. पोथीने श्रद्धा मागितली, दफ्तराने शिक्क्याचा मान मागितला, कादंबरीने एकान्त मागितला आणि चळवळीने निष्ठा. ज्या घरी एकाच वाटेने ग्रंथ आले, तेथे वाचक त्या वाटेचा आज्ञाधारक पाईक होऊन राहतो. अनेक वाटांचे ग्रंथ एका कपाटात आले, की ते परस्परांची उलटतपासणी करू लागतात. दफ्तर पोथीच्या तन्मयतेने वाचावे, पोथी पंचाच्या सावधपणाने ऐकावी, कोशात कथा शोधावी आणि धर्मग्रंथात धुऱ्याचा वाद ओळखावा, ही मोकळीक त्या सरमिसळीतूनच मिळते. म्हणून गावच्या वाचनालयाने ग्रंथखरेदीच्या वेळी एकाच रुचीचा आग्रह धरू नये, आणि पाहुण्याने आमच्या कपाटाला विस्कळीत म्हणण्यापूर्वी त्यातील कोणतेही दोन ग्रंथ उचलून एकापाठोपाठ एक वाचून पाहावेत.