आधीच वाटलेल्या जागा

पूर्व जर्मनीत मतदाराच्या हाती पडणाऱ्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं एकाखाली एक छापलेली असत. खूण करायला ना चौकोन, ना वर्तुळ. कागद दुमडायचा, पेटीत टाकायचा, झालं मतदान. विरोध नोंदवायचा तर एकेक नाव खोडावं लागे. आडोसा असे, पण तिकडे वळणारा माणूस लगेच नजरेत भरे.

या कागदाचं मूळ १९४५च्या उन्हाळ्यात सापडतं. १० जूनला सोव्हिएत लष्करी प्रशासनाने आपल्या विभागात पक्षस्थापनेला परवानगी दिली. कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि लिबरल असे चार पक्ष उभे राहिले आणि १४ जुलैला त्यांची फॅसिझमविरोधी आघाडी झाली. तिथले निर्णय एकमताने घ्यायचे ठरले. हिटलरची राजवट भोगून बाहेर पडलेल्यांना त्यात गैर वाटलं नसेल. पण या अटीमुळे कम्युनिस्टांना वगळून सरकार बनवायची वाटच बंद झाली.

ही वाट खरोखर होती, हे १९४६मध्ये दिसलं. एप्रिलमध्ये सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्टांचं विलीनीकरण होऊन समाजवादी एकता पक्ष निघाला. ऑक्टोबरच्या प्रांतिक निवडणुकांत त्याला एकाही प्रांतात निर्विवाद बहुमत मिळालं नाही. ब्रांडेनबुर्ग आणि सॅक्सनी-आनहाल्टमध्ये तर ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि लिबरल मिळून निम्म्याहून जास्त जागांवर होते. इतिहास वेगळा घडू शकला असता तो इथे. एकमताच्या अटीने ते बहुमत निकामी केलं, आणि माझ्या मते पूर्व जर्मनीतली बहुपक्षीय लोकशाही तिथेच संपली.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. डिसेंबर १९४७मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅटांचे नेते याकोब कायझर यांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पदावरून दूर केलं. १९४८मध्ये शेतकऱ्यांचा एक आणि राष्ट्रवादी मंडळींचा एक असे आणखी दोन पक्ष काढले गेले. दोन्हींचे प्रमुख, एर्न्स्ट गोल्डनबाउम आणि लोथार बोल्झ, जुने कम्युनिस्ट. मे १९४९मध्ये जर्मन ऐक्य, शांतता तह आणि उमेदवारांची यादी एकाच प्रश्नात गुंफून 'हो' की 'नाही' असा कौल घेतला. तरीही जवळपास तिसरा हिस्सा लोक 'नाही' म्हणाले. ऑक्टोबर १९५०च्या मतपत्रिकेवर 'नाही'चा पर्यायच उरला नाही, आणि ९९.७ टक्के मतं यादीला पडली.

जागावाटप आता मतदानाआधीच ठरू लागलं. पुढे पाचशे जागांच्या झालेल्या लोकसभागृहात, म्हणजे संसदेत, एकता पक्षाला १२७, बाकीच्या चार पक्षांना प्रत्येकी ५२, उरलेल्या कामगार, युवक, महिला वगैरे संघटनांना. त्या संघटनांचे बहुतेक सदस्यही एकता पक्षाचेच, म्हणजे बहुमत कायमचं पक्कं. १९८९पूर्वी या सभागृहात मतभेद एकदाच उघड झाला: मार्च १९७२मध्ये गर्भपाताच्या कायद्याविरुद्ध ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या १४ जणांनी मत दिलं.

७ मे १९८९च्या स्थानिक निवडणुकीत काही नागरिक मतमोजणीला जाऊन बसले आणि स्वतः आकडे टिपून घेतले. सरकारने जाहीर केलेल्या ९८.८५ टक्क्यांशी ते जुळेनात. या धाडसाचं मोल मला फार वाटतं. सत्तेचा खोटेपणा त्यांनी साध्या बेरजेने उघडा पाडला. राजवट कोसळल्यावर १८ मार्च १९९०ला खुली निवडणूक झाली. ९३ टक्के लोकांनी मतदान केलं आणि सर्वाधिक मतं, सुमारे ४१ टक्के, मिळाली ती चार दशकं आधीच वाटलेल्या जागांवर बसवून ठेवलेल्या ख्रिश्चन डेमोक्रॅटांना.