स्वयंपाकघर नसलेलं घर

बार्बीच्या पहिल्या घरात स्वयंपाकघर नव्हतं. हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं, तेही गृहकर्जाचे व्याजदर शोधता शोधता वाट चुकल्यामुळे. घराचे फोटो पाहत होते, त्यातून कुठूनतरी १९६२ सालच्या 'ड्रीमहाउस'च्या फोटोपर्यंत पोचले. पुठ्ठ्याची घडी उघडली की एक खोली. एका माणसाचा पलंग, टीव्ही आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं कपाट, पुस्तकं, भिंतीवर कॉलेजच्या पताका, केनचा फ्रेममधला फोटो. शेगडी, ओटा, फ्रिज काही नाही.

माझ्याकडेही बार्बी होती. मावशीने वाढदिवसाला दिलेली, एकच. तिचं घर, गाडी, कपाट वगैरे दुकानाच्या काचेमागे असायचं आणि त्याच्या किमती ऐकून आईबाबा एकमेकांकडे बघायचे. मग आईने नव्या टीव्हीच्या खोक्याचं घर करून दिलं. त्यात तिने सगळ्यात आधी काय केलं, तर ओटा. काडेपेट्या चिकटवून ओटा, औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांचे गॅसचे बर्नर आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीचा कुकर. पलंग नंतर आला. तोवर बार्बी ओट्याशेजारी उभीच होती. तिला धड बसताही येत नसे.

दोन्ही घरं पुठ्ठ्याचीच. पण एकात स्वयंपाकघर नाही आणि दुसऱ्यात स्वयंपाकघर आधी. हा फरक डोक्यातून जाईना, म्हणून मी बार्बीच्या सामानाचा इतिहास वाचायला घेतला. बाहुलीबद्दल, तिच्या कमरेबद्दल आणि केसांबद्दल भरपूर लिहून झालं आहे. मला वाटतं, तिचं सामान जास्त बोलतं.

*

खरं तर सामान आधी आलं आणि बाहुली नंतर. मॅटेल ही कंपनी १९४५ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. हॅरोल्ड 'मॅट' मॅटसन आणि एलियट हँडलर यांच्या नावांचे तुकडे जोडून कंपनीचं नाव झालं. एलियटची बायको रूथ, जिने धंदा खऱ्या अर्थाने उभा केला, तिचं नाव त्यात नाही. सुरुवातीला ते फोटोफ्रेम बनवत. फ्रेम कापून उरलेल्या तुकड्यांपासून एलियट बाहुलीच्या घराचं फर्निचर करू लागला आणि कंपनी हळूहळू खेळण्यांकडे वळली.

बाहुलीची कल्पना रूथची. तिची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका करायची, त्यांचे कागदी कपडे बदलत बसायची. त्या काळी दुकानातल्या बहुतेक बाहुल्या बाळांच्या असत, म्हणजे मुलीने कायम आईच व्हायचं. १९५६ साली स्वित्झर्लंडच्या सहलीत रूथला 'बिल्ड लिली' दिसली. ही एका जर्मन वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रमालिकेवरून केलेली प्रौढ बाईची बाहुली होती. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत बार्बी लोकांसमोर आली. अंगात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, सोबत गॉगल, कानात रिंगा, पायात उंच टाचा. किंमत तीन डॉलर.

तीन डॉलरची बाहुली आणि एकेक पोशाख एक ते पाच डॉलरचा. दाढीचा वस्तरा स्वस्तात द्यायचा आणि पाती विकत राहायचं, असा हा हिशेब. आजच्या वाचकाला प्रिंटर आणि शाईचं उदाहरण जवळचं वाटेल. बाहुली एकदाच घेतात. तिला लग्नाला, ऑफिसला, टेनिसला जायचं असलं की दरवेळी काहीतरी लागतं. म्हणजे बार्बीची नोकरी, छंद, सुट्टी हे सगळं आधी सामानाच्या रूपात ठरत होतं. १९६१ मध्ये ती नर्स आणि हवाईसुंदरी झाली, १९६५ मध्ये अंतराळवीर. सॅली राइड ही पहिली अमेरिकन स्त्री अंतराळात गेली १९८३ साली, म्हणजे तोवर बार्बीचा चंदेरी पोशाख अठरा वर्षं जुना झाला होता.

*

इथे थोडं गणित करते, सवय आहे. बार्बी साडेअकरा इंच उंच आणि माणसाच्या एक षष्ठांश मापाची मानतात. म्हणजे खरी असती तर पाच फूट नऊ इंच. लांबी सहापट कमी झाली की क्षेत्रफळ छत्तीसपट कमी होतं आणि आकारमान दोनशे सोळापट. पण कापड लहान होत नाही. सुताची जाडी तीच राहते. खऱ्या सुती कापडाचा परकर बाहुलीला नेसवला की तो पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो, खाली पडायला त्याला वजनच नसतं. शिवणीची दुमड माणसाच्या कमरेला कळतही नाही, बाहुलीच्या कमरेला ती दोरखंडासारखी होते.

हा प्रश्न शार्लट जॉन्सन या वेशभूषाकार बाईंनी सोडवला. पहिल्या बाहुल्या आणि कपडे जपानमध्ये तयार होत होते, म्हणून त्या तिथे जाऊन राहिल्या, पातळ कापडं आणि बारीक नक्षी शोधली, छोट्या चेन आणि बटणं बसवून घेतली. शिवण्याचं काम जपानी बायका आपापल्या घरी बसून करत. बार्बीच्या कपाटात कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या, प्रवास करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या बाईचे कपडे होते. ते शिवणाऱ्या बाया घराच्या चौकटीतच होत्या. सामानाच्या इतिहासात ही बाजू बहुतेक वेळा अस्तराच्या आत राहते.

दुसरं गणित १९६५ च्या एका संचाचं. 'स्लंबर पार्टी' नावाच्या या संचात झोपायचे कपडे होते, एक वजनकाटा होता आणि वजन कमी कसं करावं याचं एक इवलंसं पुस्तक. पुस्तकाच्या पाठीमागे सल्ला एवढाच की खाऊ नका. वजनकाट्याचा आकडा ११० पौंडांवर छापलेला, तो हलत नाही. पाच फूट नऊ इंच आणि ११० पौंड म्हणजे पन्नास किलो. बॉडी मास इंडेक्स काढला तर साधारण १६.२ येतो; निरोगी मर्यादा साडेअठरापासून सुरू होते. स्वयंपाकघर नसलेल्या घराचं मला कौतुक वाटत होतं, त्यावर हा काटा येऊन बसला. चूल नसणं ही मोकळीक असू शकते, आणि उपासही.

*

बाहुलीच्या घरांचा इतिहास बार्बीपेक्षा चारशे वर्षं मागे जातो. बव्हेरियाच्या आल्ब्रेख्त पाचव्या ड्यूकने १५५७-५८ च्या सुमारास असं एक घर करवून घेतलं होतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमनचं सतराव्या शतकाच्या अखेरीचं बाहुलीघर आहे, ते श्रीमंत बाईच्या हौसेचं. जर्मनीत न्यूरेंबर्गची छोटी स्वयंपाकघरं प्रसिद्ध होती; त्यांतून मुलींनी घरकाम शिकावं अशी अपेक्षा. इंग्लंडच्या क्वीन मेरीसाठी एडविन लटयन्सने आखलेलं, १९२४ मध्ये पूर्ण झालेलं घर माणसाच्या बाराव्या हिश्शाच्या मापाचं आहे आणि आज विंडसरला ठेवलेलं आहे. या घरांमधून दिसतं ते कुटुंब, नोकरचाकर, भांडी, मुदपाकखाना. एकट्या बाईचं घर हा त्यांचा विषय नव्हता.

आपल्याकडे भातुकली. चूल, जातं, पाटा-वरवंटा, खलबत्ता, बंब, तांब्या-पितळेची भांडी, सगळं लहान मापात आणि नेमकं. भातुकलीत बाहुली असलीच पाहिजे असं नाही, कारण घरात राहणारी बाई म्हणजे खेळणारी मुलगीच. चुरमुऱ्यांचा भात ती रांधते, ती वाढते. बार्बीच्या घरात मुलगी राहत नाही. ती बाहेर बसून दुसऱ्या एका बाईचं आयुष्य चालवते. एका खेळात तालीम आहे, दुसऱ्यात कल्पना. माझ्या आईने केलेल्या खोक्यात या दोन्हींची सरमिसळ होती. तिने बार्बीला भातुकलीत आणून बसवलं होतं.

म्हणून १९६२ चं ते पुठ्ठ्याचं घर मला महत्त्वाचं वाटतं. बार्बीचं लग्न झालेलं नव्हतं, घर तिचं होतं, पलंग एकाचाच. अमेरिकेत बाईला तिच्या लिंगावरून किंवा वैवाहिक स्थितीवरून कर्ज नाकारायला कायद्याने बंदी आली ती १९७४ साली. तोवर नवऱ्याची किंवा वडिलांची सही मागणं ही रीत होती. म्हणजे आठ डॉलरच्या आसपास मिळणारं हे घर खऱ्या बाईला बँकेकडून मिळायच्या बारा वर्षं आधी खेळण्यात मिळत होतं. कंपनीने काही क्रांती करायला ते केलं नव्हतं; बाहुली विकली की पुढे काय विकायचं, एवढाच प्रश्न असणार. पण धंद्याच्या हिशेबातूनही कधीकधी कायद्याच्या पुढची गोष्ट होऊन जाते.

पुढे घर मोठं होत गेलं. सत्तरच्या दशकात तीन मजली टाउनहाउस आलं, दोरी ओढली की वर जाणाऱ्या लिफ्टसकट. स्वयंपाकघरही आलं. १९७९ च्या सुमारास उतरत्या छपराचं घर, नव्वदच्या दशकात गुलाबी महाल. २०२२ मध्ये या घरांचा वास्तुशास्त्रीय आढावा घेणारं पुस्तकच निघालं.

*

लिफ्टची एक गोष्ट आहे. १९९७ मध्ये मॅटेलने बेकी ही बार्बीची मैत्रीण आणली. ती गुलाबी व्हीलचेअरवर बसलेली. तिचं कौतुक झालं, ती भराभर खपली. आणि मग वॉशिंग्टन राज्यातल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका शाळकरी मुलीच्या लक्षात आलं की बेकीची खुर्ची ड्रीमहाउसच्या लिफ्टमध्ये मावत नाही. कंपनीने घर बदलू असं सांगितलं. काही वर्षांनी बेकीच बंद झाली.

माझ्या कामात हे रोज दिसतं. दोन मॉड्यूल आपापल्या चाचण्यांमध्ये पास होतात, एकत्र आणले की कोसळतात. तेव्हा बैठकीत कोणी म्हणत नाही की घराचं दार अरुंद आहे. म्हणतात, नव्या घटकामुळे अडचण येते आहे. जुनं ते प्रमाण, नवं ते अपवाद. २०१६ मध्ये बार्बीचे उंच, ठेंगणे आणि भरलेल्या बांध्याचे असे आणखी तीन प्रकार आले, तेव्हाही जुने कपडे भरलेल्या बांध्याच्या बाहुलीला होईनात. सगळं सामान एका देहाच्या मापाने बेतलेलं असतं, आणि हे त्या मापात न बसणारं कोणी आल्याशिवाय दिसत नाही. व्हीलचेअरवरची बार्बी २०१९ मध्ये परत आली, या वेळी सोबत उतार घेऊन. अलीकडच्या ड्रीमहाउसच्या लिफ्टमध्ये खुर्ची जाते. वीस वर्षांहून जास्त लागली, पण दुरुस्ती अखेर घरात झाली.

माझ्या पेशाचंही सामान बार्बीकडे आहे. २०१० साली तिची पुढची नोकरी कोणती यावर मतदान झालं. मुलींनी वृत्तनिवेदिका निवडली. खुल्या मतदानात मोठ्या बायकांनी, त्यातही तंत्रज्ञानातल्या बायकांनी, कॉम्प्युटर इंजिनियर जिंकवली. तिच्या गुलाबी लॅपटॉपच्या पडद्यावरचे शून्य आणि एक नुसती नक्षी नाहीत. ०१००००१० म्हणजे इंग्रजी 'बी', आणि पुढची अक्षरं लावत गेलं की बार्बीचं नाव येतं. ज्याने कोणी हे केलं त्याला मनापासून सलाम. पण त्याच मालिकेतल्या पुस्तकात बार्बी फक्त गेमची कल्पना आणि चित्रं काढते, प्रोग्रॅम लिहायला मित्र लागतात आणि तिच्या लॅपटॉपला व्हायरस लागतो. २०१४ मध्ये यावर एवढा गदारोळ झाला की कंपनीला माफी मागावी लागली. सामान बरोबर होतं, गोष्ट चुकीची. माझ्या पहिल्या नोकरीतही लॅपटॉप मला इतरांसारखाच मिळाला होता. बैठकीचा वृत्तांत मात्र मीच लिहावा असं सगळ्यांना आपोआप वाटायचं.

*

व्याजदर मी का शोधत होते ते सांगायचं राहिलं. भाड्याचं घर शोधताना एका सोसायटीने 'फॅमिलीलाच देतो' म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी पाहुणे किती वाजेपर्यंत येणार हे विचारलं. तिसऱ्या वेळी मी ठरवलं की विकतच घ्यायचं. वन बीएचके, वीस वर्षांचं कर्ज. बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तीही घेतली.

आई घर बघायला आली. हॉल, खिडकी, बाल्कनी यांवर तिने काही म्हटलं नाही. थेट आत जाऊन ओट्यावर हात ठेवला.

"एवढाच? पोळपाट ठेवल्यावर ताट कुठे ठेवशील?"

"अगं आई, मी रोज कुठे पोळ्या करणारे!"

"नको करूस. पण जागा असावी."

मी तिला १९६२ च्या घराचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मग ही जेवते कुठे?" प्रश्न बरोबर होता. त्या वजनकाट्यानंतर तर माझ्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोन साक्षीदार लागत होते. एक मैत्रीण आली होती, दुसरी आई. अंगठा यंत्रावर ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, मग सही. आमचं गावाकडचं घर आजोबांच्या नावावर होतं, आता बाबांच्या आहे. तीस वर्षं त्या घराचा ओटा पुसणाऱ्या आईची सही घराच्या कागदावर पहिल्यांदा लागली, ती साक्षीदार म्हणून. तिने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. मग बाहेर येऊन म्हणाली, चल, आता कुकर घेऊ.