वसईचा तह आणि मामलतींचा इजारा

दि. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई येथे इंग्रजांशी केलेला तह बहुधा मुत्सद्देगिरीच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणूनच अभ्यासला जातो. सहा पलटणींची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी तोडून दिलेला २६ लक्षांचा मुलूख आणि परराष्ट्रसंबंधांवर आलेले बंधन ही त्यातील कलमे सर्वश्रुत आहेत. या तहाने सरकार व गाव यांच्यातील नाते कसे पालटले, हा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला.

नाना फडणिसांच्या कारकिर्दीत मामलतदाराकडून आगाऊ रसद घेतली जात असली, तरी मामलतीचा आकार हुजूर दफ्तरात ठरे. दरखदार त्याच्या हिशेबावर नजर ठेवीत आणि देशमुख-देशपांडे रयतेची बाजू मांडीत. गाव उजाड झाले तर पुढील सालचा वसूल बुडे, आणि वसूल बुडाला तर फौजेचा खर्च भागत नसे. रयतेला सूट व तगाई देण्यामागे दयाबुद्धीपेक्षा हा हिशेबच अधिक होता.

दि. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर येथे यशवंतराव होळकराने शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. वसईस आश्रय घेतलेला बाजीराव मे १८०३ मध्ये पुण्यास परतला तो इंग्रजांच्या संगिनींच्या बळावर. येथेच जुन्या हिशेबाची कडी तुटली. गादीचे रक्षण आता सरदारांच्या निष्ठेवर वा मुलुखाच्या आबादीवर अवलंबून उरले नव्हते. मक्त्याची पद्धत पूर्वी मुळीच नव्हती असे नाही. परंतु आता मामलती सर्रास अधिक बोली करणारास मिळू लागल्या. इजारदार पोटइजारदार नेमी, तो आणखी खाली, आणि अखेरचा बोजा पाटलावर येई. पाटलाने गावचा इजारा घेतला तर तो गावाचा धनी होई. नाकारला तर गाव परक्याच्या हाती जाई. सरकार आणि गाव या दोहोंचा माणूस ही त्याची दुहेरी भूमिका टिकणे त्यामुळे दुरापास्त झाले. त्यातच लष्करांनी केलेली नासाडी आणि अवर्षण यांमुळे १८०३–०४ मध्ये दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. ओसाड गावांना उसंत हवी असताना त्यांच्यावर इजाऱ्याचा बोजा आला.

या पद्धतीचे तपशीलवार वर्णन एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात आढळते. जेत्याला जिताच्या राज्याचे दोष दाखविण्यात स्वारस्य असते, हे ध्यानी ठेवूनच ते वाचले पाहिजे. तथापि त्याच अहवालात नानांच्या काळच्या व्यवस्थेची बरी बाजूही नमूद आहे. केवळ निंदा हाच हेतू असता तर हा भेद करण्याचे कारण नव्हते.

१८१८ नंतर एल्फिन्स्टनने इजारा बंद करून बाकीची एतद्देशीय व्यवस्था शक्य तो कायम ठेवण्याचे धोरण स्वीकारले. त्या व्यवस्थेचा आधार पाटील हाच होता. आणि सुमारे १५ वर्षांच्या इजाऱ्याने ज्याचे गावाशी असलेले नाते बदलून टाकले होते, तोही हाच पाटील होता.