एका वर्तुळाचे दोन क्रमांक

‘बेंगळूरु’ हे नाव कन्नडमध्ये लिहिताना अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर जात नाही. अक्षराशेजारी, ओळीवरच छोटे वर्तुळ काढतात. तेलुगूतही अनुस्वाराची रीत हीच आहे. डोळ्याला दोन्ही वर्तुळे एकच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन निराळी चिन्हे वाटतात.

या साम्याचे मूळ जुने आहे. कदंब लिपीतून वाढलेली कन्नड-तेलुगू लिपी दोन्ही भाषांसाठी कित्येक शतके वापरात होती. बेगूरच्या नागेश्वर मंदिरातील इ.स. ८९०च्या सुमाराच्या शिलालेखात बेंगळूरुचे नाव येते, ते या लिप्या वेगळ्या होण्याआधीचे. पुढे वळणे हळूहळू बदलत गेली आणि १९व्या शतकात छापखान्यांच्या खिळ्यांनी हा भेद पक्का केला. तरीही अनुस्वार, ‘ल’, ‘ज’ यांसारखी अक्षरे जवळपास तशीच राहिली.

संगणकावर या जुळ्यांची दोन प्रकारे नोंद झाली. १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणात त्यात सामावलेल्या सर्व भारतीय लिप्यांतील ‘ल’चा क्रमांक एकच होता, २०९. लिपी कोणती, हे वेगळ्या खुणेने सांगावे लागे. ती खूण हरवली की कन्नड मजकूर भलत्याच लिपीत उमटे. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आवृत्तीचा अक्षरक्रम घेतला, पण यातल्या प्रत्येक लिपीला १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा दिला. त्यामुळे तेलुगू ‘ल’ ३१२२वर आणि कन्नड ‘ल’ ३२५०वर, म्हणजे बरोबर १२८ घरे पुढे आहे.

त्यामुळे मजकूर आपली लिपी स्वतःच सांगू लागला, पण फसगतीलाही वाट मिळाली. पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेत कन्नड ‘ल’ आणि तेलुगू ‘ल’ या नावांची दोन चले एकाच प्रोग्रॅममध्ये राहू शकतात. वाचणाऱ्याला ती एकच भासतात. संकेतस्थळाच्या नावात हेच घडले, तर मात्र माणूस खोट्या दारात जातो. हा धोका २००२मध्ये दोन संशोधकांनी रशियन अक्षरे मिसळून नोंदवलेल्या इंग्रजी नावाने दाखवून दिला.

म्हणून युनिकोडने अशा अक्षरजोड्यांची यादी ठेवली आहे. इंटरनेटच्या सर्वोच्च पातळीवरील नावांसाठी ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांचे काम पाहणाऱ्या नव-ब्राह्मी लिपी गटाने नियम आखताना कन्नड-तेलुगू जुळ्यांचाही विचार केला. हुबेहूब दिसणाऱ्या दोन नावांपैकी एक दिले गेले, की दुसरे दुसऱ्या कोणाला मिळत नाही.