दिनविशेष : ११ एप्रिल
भेकेंच्या गोलने आशियात इतिहास

२०२२ : एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई सिटी एफसी हा पहिला भारतीय क्लब ठरला. सौदी अरेबियातील रियाध येथे त्याने इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ असे हरवले. उत्तरार्धात इराकी संघाने आघाडी घेतली. दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ७५व्या मिनिटाला मुंबईकर बचावपटू राहुल भेके यांनी हेडरने विजयी गोल केला. तीनच दिवसांपूर्वी अल-शबाब संघाकडून मुंबई सिटीने ०-३ असा मार खाल्ला होता. आदल्या वर्षी एफसी गोवाने या स्पर्धेत तीन सामने बरोबरीत सोडवले होते. विजय मात्र हुकला होता.

मुंबई सिटीची स्थापना २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर झाली. अभिनेता रणबीर कपूर सहमालक होते. सुरुवातीला नवी मुंबईत खेळणारा संघ २०१६ पासून अंधेरीत आला. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ च्या हंगामात लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकून क्लब आशियाई स्पर्धेस पात्र ठरला. तेथे गटात त्याने दुसरे स्थान मिळवले.